हुंकार

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या वाड्यांत गोष्ट सांगण्याची एक अट असे. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या घातल्या की आजी गोष्ट सुरू करी, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी सतत ‘हूं’ म्हणत राहायला हवं. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. राजपुत्र राक्षसाच्या दारात उभा असला तरी तो रात्रभर तिथेच उभा राही. गोष्ट पुढे नेण्याचं निम्मं बळ त्या झोपाळू अक्षरात असे.

माणसाच्या शरीरातली बी पेशी, म्हणजे जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणारी पांढरी पेशी, कशी पिकते, हे सांगायला मला या हुंकाराहून नेमका शब्द मिळालेला नाही. सिग्नल म्हटलं की आपल्याला हुकूम वाटतो: वाढ, थांब, लढ. बी पेशीचं तसं नाही. तिचं मरण आधीच ठरलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर ती आपण काय घडवलं ते पुढे करते आणि वाट पाहते. शेजारून, किंवा तिच्याच पृष्ठभागावरून, ‘हूं’ आलं तर पुढचा टप्पा. नाही आलं तर काही तासांत ती स्वतःला मोडून टाकते आणि भक्षकपेशी तिला गिळतात. जन्मलेल्या बी पेशींपैकी बहुतेक अशाच, कुठल्याही जंतूची गाठ पडण्याआधी संपतात. एवढी नासाडी का, हे समजलं की बाकीचं सगळं समजतं, असं माझं मत आहे.

आधी नावाचं. बी म्हणजे बोन मॅरो, असं शिकवणारेही भेटतात. हे अक्षर आलं कोंबडीकडून. तिच्या शेपटीजवळच्या ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ या पिशवीतून. १९५६ साली ब्रूस ग्लिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणीच ही पिशवी काढलेली कोंबडी प्रतिपिंडं बनवू शकत नाही. माणसाला ही पिशवी नाही. आपल्याकडे ते काम अस्थिमज्जा करते. आद्याक्षर जुळलं हा योगायोग.

अस्थिमज्जेत पेशींना धरून ठेवणारं एक जाळं असतं, स्ट्रोमा. त्यातल्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचं रसायन सोडतात आणि कोवळ्या बी पेशी त्याच्या ओढीने तिथेच राहतात. हे नाव लक्षात ठेवावं, शेवटी ते परत येणार आहे. पुस्तकांत इथे आयएल-७ या सिग्नलचं मोठं माहात्म्य असतं, आणि ते उंदरापुरतं खरं आहे. आयएल-७ नसलेल्या उंदरात बी पेशींची वाढ अगदी सुरुवातीलाच अडते. पण आयएल-७चा रिसेप्टर (तो सिग्नल पकडणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) बिघडलेल्या मानवी बाळांत टी पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशींची दुसरी जात) जवळजवळ नसतात आणि बी पेशी मात्र संख्येने असतात. म्हणजे माणसात या टप्प्यावर हुंकार देणारे आणखीही कुणी आहेत. उंदरावरून माणसाचं अनुमान काढताना इथे पाय घसरतो, आणि पुढे बीटीके या एन्झाइमच्या बाबतीत तो उलट्या दिशेने घसरतो.

पेशीचं या काळातलं मुख्य काम म्हणजे स्वतःचं जनुक कापून नव्याने जोडणं. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन तऱ्हेच्या साखळ्यांचं असतं. जड साखळीचं जनुक माणसात १४व्या गुणसूत्रावर आहे. तिथे चालू स्थितीतले व्ही तुकडे साधारण ४०, डी २३ आणि जे ६. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही दोन प्रथिनं कात्री चालवतात: आधी एक डी एका जेला जोडला जातो, मग त्या जोडाला एक व्ही. हलकी साखळी दोन प्रकारची. कॅपा २ऱ्या गुणसूत्रावर, लॅम्डा २२व्यावर. नुसत्या तुकड्यांच्या निवडीचा गुणाकार केला तरी सतरा-अठरा लाख जोड्या होतात. वर टीडीटी हे एन्झाइम सांध्यांवर मनाला येतील ती अक्षरं भरतं, त्यामुळे खरी विविधता याच्या कितीतरी पट होते. एकाच जनुकातून हे कसं घडतं त्याचा पुरावा सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दिला आणि १९८७चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं.

या स्वैर जोडणीची किंमत मोठी आहे. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात, त्यामुळे सांध्यावर एक-दोन अक्षरं कमीजास्त झाली की पुढचं सगळं वाचन बिघडतं. तीनातला एकच जोड नीट बसतो. पेशीकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती, म्हणजे दोन संधी. दोन्ही फसण्याची शक्यता दोनतृतीयांश गुणिले दोनतृतीयांश, म्हणजे नवातले चार. सगळं सुरळीत चाललं तरी जवळपास निम्म्या पेशी या एका पायरीवर गळणार, हे साध्या अंकगणितातच लिहिलेलं आहे.

जोड नीट बसला हे पेशीला कळणार कसं? जनुक वाचून खात्री करणारं कुणी आत बसलेलं नसतं. पेशी ती जड साखळी बनवते, तिला एक उसनी हलकी साखळी लावते (व्हीप्रीबी आणि लॅम्डा-५ या दोन तुकड्यांची) आणि सगळं पृष्ठभागावर उभं करते. हा अर्धाकच्चा रिसेप्टर म्हणजे प्री-बीसीआर (बीसीआर म्हणजे बी पेशीचा रिसेप्टर). त्याला जंतू लागत नाही, बाहेरचं काहीच लागत नाही. तो उभा राहू शकला, एवढ्यावरच आत सिग्नल जातो. साखळी घडली, हूं.

तो आत कसा जातो ते सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण इथली एकेक कडी म्हणजे एकेक आजार किंवा एकेक औषध आहे. रिसेप्टरच्या जड साखळीची शेपटी पेशीच्या आत जेमतेम तीन अमिनो आम्लांएवढी असते. तिला बोलता येत नाही, म्हणून शेजारी आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा ही जोडी असते. त्यांच्या आतल्या शेपट्यांवर लिन हे एन्झाइम फॉस्फेट लावतं. त्या फॉस्फेटवर एसवायके येऊन बसतं. एसवायके बीएलएनके नावाच्या प्रथिनावर खुणा करतं. हे प्रथिन स्वतः काही करत नाही, इतरांना एकत्र बसायला पाट मांडतं. त्या पाटावर बीटीके आणि पीएलसी-गामा-२ शेजारी येतात, पहिला दुसऱ्याला जागं करतो, आणि पेशीत कॅल्शियमची लाट उठते. या लाटेतून तीन कामं होतात. आरएजीची कात्री काही काळ बंद होते, त्यामुळे दुसरी प्रत कापली जात नाही आणि एका पेशीची एकच जड साखळी ठरते. पेशी काही वेळा विभाजित होते, म्हणजे जमलेल्या साखळीच्या प्रती वाढतात. मग कात्री पुन्हा सुरू होते, या वेळी हलक्या साखळीसाठी.

बीटीकेची कडी तुटली की काय होतं, ते ती कडी सापडण्याच्या ४१ वर्षं आधीच नोंदलं गेलं होतं. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या लष्करी बालरोगतज्ज्ञाने आठ वर्षांच्या एका मुलाचं वर्णन केलं. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होत होते आणि रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर गामा ग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची, जागा रिकामी होती. ब्रूटनने ते बाहेरून टोचलं आणि मुलगा सुधारला. जनुक १९९३ साली सापडलं, एक्स गुणसूत्रावर, आणि त्याच्या नावातला बी ब्रूटनचा. हेच जनुक बिघडलेल्या उंदराला थोडाफार त्रास होतो, त्याच्या बऱ्याच बी पेशी टिकतात. माणसात प्री-बीच्या टप्प्यावर जवळजवळ सगळं थांबतं.

असं बाळ लष्करात, मुरारला किंवा हजीऱ्याला कुठल्याही घरात जन्मू शकतं आणि पहिले काही महिने ते ठणठणीत असतं, कारण आईचं आयजीजी (प्रतिपिंडांची एक जात) वारेतून आलेलं असतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे तीन आठवडे. सहा-आठ महिन्यांत ते सरतं आणि मग कान फुटणं, सायनस, न्यूमोनिया अशी रांग लागते. दर वेळी अँटिबायोटिकने बरं वाटतं, म्हणून दर वेळी ही नवी गोष्ट समजली जाते. ‘दात येतायत’, ‘हवा बदलली’, ‘ग्वाल्हेरची थंडी बाधली’, हे सगळं घरात बोलून होतं. माझी कळकळीची विनंती आहे की वर्षात दोन न्यूमोनिया किंवा चार-पाच वेळा कान वाहणं झालेल्या मुलाचा घसा एकदा टॉर्च लावून टॉन्सिलसाठी पाहावा. टॉन्सिल म्हणजे मुख्यतः बी पेशींची वस्ती. वारंवार घसा-कान धरणाऱ्या दोन वर्षांच्या मुलात ते सुजलेले दिसायला हवेत. तिथे जर सपाट असेल, मानेत गाठी लागत नसतील, तर ही खूण कुठल्याही महागड्या तपासणीच्या तोडीची आहे. आणि आईचे भाऊ किंवा मावसभाऊ लहानपणी गेले का, हे विचारायलाच हवं. मात्र उत्तर ‘नाही’ आलं म्हणून आजार नाही असं होत नाही, बदल त्या कुटुंबात नवाही असू शकतो.

पुढच्या तपासण्यांत चुका होतात त्या बहुधा साध्या असतात. पहिली चूक क्रमाची. इम्युनोग्लोब्युलिनची बाटली चढवण्याआधी आयजीजी, आयजीए, आयजीएमचं आणि धनुर्वाताच्या लशीच्या प्रतिपिंडांचं रक्त काढून ठेवावं. बाटली चढली की पुढचे काही महिने आपण हजारो दात्यांची प्रतिपिंडं मोजत असतो. दुसरी चूक वयाची. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान प्रत्येक बाळाचं आयजीजी तळाशी असतं, आईचं ओसरलेलं आणि स्वतःचं अजून न वाढलेलं. ते मोठ्यांच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं तर निरोगी बाळ आजारी ठरतं.

तिसरी चूक प्रवासातली. बी पेशी मोजण्याचं फ्लो सायटोमेट्रीचं रक्त आपल्या भागातून अनेकदा दिल्लीला किंवा चंडीगडला जातं. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर, खुणेपर्यंत भरलेलं, लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटंसुलटं केलेलं. नळी जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात, न हलवता ठेवली की गुठळी होते, आणि गुठळीत पांढऱ्या पेशी अडकून आकडा खोटा येतो. हे रक्त बर्फात ठेवायचं नाही. १८ ते २५ अंश तापमान आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळा, ही त्याची गरज. मे महिन्यात पारा ४५ला असताना बंद गाडीत तासभर राहिलेली नळी निकामी समजावी. थर्मोकोलच्या डब्यात गार पॅक ठेवायचा तर टॉवेलमध्ये गुंडाळून, नळीला न टेकता. जानेवारीच्या रात्री उलट काळजी घ्यायची. याच डब्यात आईचं रक्त पाठवावं आणि नात्यात नसलेल्या एका निरोगी माणसाचंही. हा सोबतीचा नमुना फार मोलाचा: त्याच्याही पेशी मेलेल्या निघाल्या तर दोष प्रवासाचा, मुलाचा नव्हे.

प्रौढात लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के बी पेशी असतात, बाळांत अधिक. बीटीकेच्या आजारात सीडी१९ ही खूण धारण करणाऱ्या पेशी दोन टक्क्यांच्या खाली जातात, बहुतेकदा जवळजवळ शून्यावर. मग बीटीके प्रथिन शोधायचं तरी कुठे? मोनोसाइट या वेगळ्या पांढऱ्या पेशींमध्ये, कारण त्यांच्यातही ते असतं. मुलाच्या मोनोसाइटमध्ये ते दिसत नाही, आणि आई वाहक असेल तर तिच्या आलेखावर दोन उंचवटे येतात: निम्म्या मोनोसाइटमध्ये एक्सची चांगली प्रत चालू, उरलेल्यांत बिघडलेली. एका कागदावरचे ते दोन डोंगर घराण्याचा सगळा इतिहास सांगतात. पुढे जनुकाची तपासणी करून बदल निश्चित करायचा. चंडीगडची पीजीआय आणि मुंबईतली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या आजारांवर काम करतात.

उपचार ब्रूटनच्याच वाटेने: दर किलो वजनामागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ४ ते ६ ग्रॅम. बाटली हलवायची नाही, फेस होतो. पहिला अर्धा तास अगदी संथ. पुढच्या बाटलीच्या आधीचं आयजीजी डेसिलिटरला निदान ५०० मिलिग्रॅमच्या वर हवं, छाती धरतच असेल तर आणखी वर. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस थांबवावी, कारण त्या जिवंत विषाणूंच्या आहेत. घरातल्या इतर बाळांनाही पोलिओची टोचायचीच लस द्यावी.

आता ज्या पेशी पुढे गेल्या त्यांच्याकडे. दोन्ही साखळ्या जमल्या, खरा रिसेप्टर पृष्ठभागावर आला. इथे हुंकाराचा अर्थच उलटतो. अस्थिमज्जेत असताना या रिसेप्टरला कुणी जोरात साद दिली, म्हणजे तो आपल्याच शरीरातल्या कशाला तरी घट्ट चिकटला, तर ती धोक्याची खूण. त्या पेशीला एक संधी मिळते: कात्री पुन्हा चालवून हलकी साखळी बदलायची, कॅपा नको तर लॅम्डा. तरीही चिकटत असेल तर ती मरते. अगदीच शांतता असली तरी मरण. जगण्यापुरता मंद, सततचा, बाहेरच्या कशानेही न चेतवलेला सिग्नल हवा, तंबोऱ्यासारखा. २००३ साली माणसाच्या अस्थिमज्जेतल्या एकेका पेशीची प्रतिपिंडं वेगळी करून तपासली गेली, तेव्हा अगदी कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के स्वतःच्याच शरीराला चिकटणाऱ्या निघाल्या. मला हा आकडा फार बोलका वाटतो. शत्रू-मित्र ओळखण्याचं ज्ञान या पेशीला उपजत नसतं. जे आहे ते गाळणीतून येतं.

गाळणी अस्थिमज्जेत संपत नाही. कोवळी पेशी रक्तातून प्लीहेत जाते आणि तिथे तिला बीएएफएफ हा जगवणारा सिग्नल लागतो. तो मोजकाच असतो, मागणारे अनेक, आणि स्वतःला किंचित चिकटणाऱ्या पेशींना तो इतरांहून जास्त लागतो, म्हणून वाटणीत त्या मागे पडतात. बीएएफएफ वाढलं की नेमक्या त्याच पेशी तगतात. ल्युपसच्या (संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) बऱ्याच रुग्णांत हे दिसतं, आणि २०११ साली मान्यता मिळालेलं बेलिमुमॅब हे औषध बीएएफएफलाच अडवतं.

इथवर पोचलेली पेशी पिकलेली पण कोरी असते: आयजीएम आणि आयजीडी दोन्ही अंगावर, जंतू अजून पाहिलेला नाही. लिम्फ ग्रंथीत तिला जंतूचा तुकडा भेटला तर पहिला हुंकार रिसेप्टरचा. तेवढा पुरत नाही. ती तो तुकडा गिळते, फोडते, त्याचे लहान पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशींच्या वस्तीच्या वेशीवर येऊन उभी राहते. तिथे त्याच जंतूच्या ओळखीची टी पेशी भेटली, तर ती आपला सीडी४० लिगँड हिच्या सीडी४०ला टेकवते. हा दुसरा हुंकार.

मग काही पेशी ग्रंथीच्या आत एक गोल वस्ती करतात, जर्मिनल सेंटर. लस टोचल्यानंतर साधारण आठवड्याभरात ती उभी राहू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे दोन भाग दिसतात, दाट पेशींचा काळोखा आणि विरळ पेशींचा उजळ. ग्वाल्हेरात राहणाऱ्याला इथे गाण्याची तालीम आठवणारच. काळोख्या भागात पेशी सहा ते बारा तासांना एकदा या वेगाने विभाजित होते, आणि एआयडी नावाचं एन्झाइम तिच्या प्रतिपिंडाच्या जनुकात जाणूनबुजून चुका करतं. प्रमाण दर विभाजनाला हजार अक्षरांमागे सुमारे एक, म्हणजे दोन्ही साखळ्यांच्या बदलत्या भागांत मिळून प्रत्येक पिढीत एखादा बदल. पेशीतल्या नेहमीच्या चुकांच्या जवळपास दहा लाख पट. हे एन्झाइम तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९९ साली सापडलं. मग पेशी उजळ भागात येते. तिथे फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींनी जंतूचे तुकडे अंगावर जपून ठेवलेले असतात. नव्या रिसेप्टरने ती ते ओढून घेते, पेप्टाइड मांडते आणि टी पेशीपुढे जाते. जिचा रिसेप्टर घट्ट, ती जास्त ओढते, जास्त मांडते, तिला जास्त वेळ हुंकार मिळतो, आणि त्या प्रमाणात काळोख्या भागात परतल्यावर ती जास्त वेळा विभाजित होते. मग पुन्हा बाहेर. घरी रियाज, गुरूसमोर बैठक, पुन्हा रियाज, असंच हे वाटतं.

पण तालमीशी असलेलं हे साम्य एका जागी तुटतं, आणि खरं मर्म तिथेच आहे. घराण्याच्या तालमीत गुरू चूक दाखवतो; तोच शागीर्द, तोच गळा, तीच बंदिश शंभरदा घोटून सुधारतो. जर्मिनल सेंटरमध्ये कुणी कुणाची चूक दाखवत नाही. टी पेशीला प्रतिपिंड दिसतसुद्धा नाही, तिला फक्त मांडलेल्या पेप्टाइडचा ढीग दिसतो. एकही पेशी शिकत नाही. बिघडलेली मरते, सुधारलेली वाढते, आणि शिकते ती वस्ती. उंदरांच्या जर्मिनल सेंटरमध्ये सहा तासांत निम्म्यापर्यंत पेशी मरतात असं मोजलं गेलं आहे. ‘शरीर जंतूशी लढायला शिकतं’ असं आपण सहज म्हणतो. ते शिकणं या मरणांतून होतं.

टी पेशी सीडी४०च्या जोडीला जी रसायनं देते त्यांवर प्रतिपिंडाची जात ठरते. आयएल-४ असेल तर आयजीईकडे कल, टीजीएफ-बीटा असेल तर आयजीएकडे. जातबदलाची कात्रीसुद्धा एआयडीचीच. त्यामुळे सीडी४० लिगँड नसलेल्या मुलात आणि एआयडी नसलेल्या मुलात रक्ताचा कागद सारखाच दिसतो: आयजीएम भरपूर, बाकीची जवळजवळ नाहीत. फरक बोटांना कळतो. पहिल्यात जर्मिनल सेंटर बनतच नाही, म्हणून गाठी लागत नाहीत. दुसऱ्यात ते बनतं आणि फुगत राहतं, म्हणून मान-काखेत गाठी मोठ्या लागतात. पहिल्याला पिण्याचं पाणी उकळूनच द्यावं लागतं, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही आणि या मुलांच्या पित्तनलिका धरतो.

लसीच्या वेळापत्रकामागेही ही वस्तीच आहे. ६, १० आणि १४ आठवडे यांतलं चार आठवड्यांचं अंतर कुणाच्या सोयीसाठी नाही. फार लवकर दिलेला डोस पहिली फेरी चालू असतानाच येतो, आणि आधीची प्रतिपिंडं तो झाकून टाकतात. हेपटायटिस बीचा प्रौढांचा तिसरा डोस सहाव्या महिन्याला असतो, कारण तोवर निवडलेल्या स्मृतिपेशी तयार असतात. डोस उशिरा झाला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते; स्मृतिपेशी थांबतात. दोन वर्षांखालच्या मुलांना न्यूमोकोकसची नुसत्या शर्करेची लस चालत नाही, कारण शर्करा टी पेशीला दिसत नाही आणि एकट्याने उत्तर देण्याइतक्या त्यांच्या बी पेशी पिकलेल्या नसतात. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला बांधली की बी पेशी दोन्ही गिळते, प्रथिनाचे पेप्टाइड मांडते आणि हुंकार मिळतो. ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना मिळणारी पीसीव्ही ही अशी बांधलेली लस आहे.

हुंकाराशिवाय वाढणाऱ्या पेशीही असतात; आपण त्यांना कर्करोग म्हणतो. मुलांचा सर्वांत नेहमीचा ल्युकेमिया बहुतेकदा याच कोवळ्या बी पेशींचा असतो, एका टप्प्यावर अडकलेल्या आणि तिथेच वाढत राहिलेल्या. केमोथेरपीनंतर अस्थिमज्जा सावरताना निरोगी कोवळ्या पेशींची लाट येते, त्यांना हिमॅटोगोन म्हणतात. त्या सीडी१० आणि टीडीटी या त्याच खुणा मिरवतात, आणि घाईने पाहिलं तर आजार परतला असं वाटतं. फरक रांगेत आहे. हिमॅटोगोनमध्ये कोवळ्यापासून पिकलेल्यापर्यंत सगळ्या पायऱ्या दिसतात, ल्युकेमियात सगळा पुंजका एका पायरीवर. ही भीती घातली गेलेल्या आईवडिलांना पुढचे आठवडे कसे जातात, त्याचा विचार अहवालावर सही करणाऱ्याने करावा. मोठ्यांच्या सीएलएल या बी पेशींच्या ल्युकेमियात पेशी बीसीआरच्या सिग्नलवर तगतात, म्हणून २०१४ पासून त्यावर इब्रुटिनिब वापरात आलं. ते बीटीकेला बंद करतं. ब्रूटनच्या त्या मुलाच्या आजाराशी ज्याचं नाव जोडलं गेलं, तेच प्रथिन आता मुद्दाम थांबवलं जातं, आणि औषध घेणाऱ्याला संसर्गही त्याच ओळखीचे होऊ शकतात.

जर्मिनल सेंटरमधून निघालेल्या पेशींपैकी काही स्मृतिपेशी होतात, काही प्लाझ्मा पेशी. प्लाझ्मा पेशी रिसेप्टर जवळजवळ उतरवून ठेवते आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर सोडू लागते. ती कुठे जाते? परत अस्थिमज्जेत. लहानपणी जिने तिला धरून ठेवलं होतं त्याच सीएक्ससीएल१२च्या ओढीने ती माहेरी येते, आणि तिथे एपीआरआयएल आणि आयएल-६ यांच्या हुंकारावर कित्येक वर्षं, कधी दशकं, जगते. सीडी२० ही खूण तिच्यावर उरलेली नसते. म्हणून सीडी२० असलेल्या पेशी मारणारं रिटक्सिमॅब हे औषध घेतलेल्या माणसाच्या बी पेशी शून्यावर येतात तरी जुनं आयजीजी बराच काळ टिकतं, आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. नव्या लशीला मात्र तो उत्तर देऊ शकत नाही. द्यायच्या लशी औषधाच्या निदान दोन ते चार आठवडे आधी उरकाव्यात. हेपटायटिस बीची, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी अशी दोन्ही तपासणी केल्याशिवाय हे औषध सुरू करू नये, दबलेला विषाणू उसळतो. आणि नंतर बी पेशी मोजायच्या त्या सीडी१९वर, कारण सीडी२० औषधानेच झाकलेलं असू शकतं.

लष्करात माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं ते १९१८ साली. त्याच वर्षी देशभर इन्फ्लुएंझाची ती साथ आली, जिला मराठीत मानमोडी म्हणतात. २००८ साली अमेरिकेत त्या साथीतून वाचलेल्या, ९१ ते १०१ वर्षं वयाच्या काही जणांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी अजून फिरत होत्या, आणि त्यांच्यापासून बनवलेली प्रतिपिंडं १९१८च्या विषाणूला घट्ट चिकटून निकामी करत होती. ती माणसं त्या वर्षी अगदी लहान किंवा शाळकरी मुलं होती.